श्रीरंगपट्टणचे तीन कैदी

‘द लास्ट सामुराई’ पाहिला नाही असा फौजी अधिकारी माझ्या पिढीत शोधावा लागेल. सिनेमा आला २००३ साली. आम्ही तेव्हा खांद्यावर दोन तारे लावून फिरणारे नवेकोरे लेफ्टनंट होतो आणि मेसमध्ये त्याची सीडी इतक्या वेळा लागली की शेवटी ती अडकायला लागली. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. दारूत बुडालेला एक अमेरिकन कॅप्टन जपानी सरकारच्या नव्या फौजेला कवायत शिकवायला पगारी नोकर म्हणून जातो. पहिल्याच चकमकीत बंडखोर सामुराईंच्या हाती सापडतो, हिवाळाभर त्यांच्या डोंगरातल्या गावात कैदी म्हणून राहतो आणि वसंत येतो तेव्हा त्यांच्याच बाजूने तलवार घेऊन उभा राहतो. शेवटी गॅटलिंग तोफांवर घोडे घातले जातात. सगळे मरतात, तो वाचतो.

शत्रूच्या हाती सापडलेला शिपाई शत्रूचाच कसा होतो, हा त्या सिनेमातला खरा प्रश्न आहे. सिनेमाचं उत्तर असं, की सुंदर गाव, बर्फ, शिस्त, तलवारीची तालीम आणि न बोलता जेवण वाढणारी एक बाई. पडद्यावर ते छान दिसतं. पण वीसेक वर्षं वर्दीत काढल्यावर मला वाटतं की शिपाई एवढ्यावर बाजू बदलत नाही. सध्या माझी पोस्टिंग म्हैसूरला आहे. इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे, आणि तिथे या प्रश्नाची खरीखुरी उत्तरं पडलेली आहेत. एक नाही, निदान तीन. ती सांगायची म्हणून हा लेख.

आधी जपानचा हिशोब मिटवून टाकतो. त्या कॅप्टनच्या मागे जो खरा माणूस आहे असं मानतात, तो अमेरिकन नव्हता, फ्रेंच होता. ज्यूल ब्रुने, तोफखान्याचा अधिकारी. जपानच्या शोगुनने, म्हणजे तिथल्या पेशव्यांनीच म्हणा, फौज सुधारण्यासाठी फ्रान्सकडे माणसं मागितली, त्या तुकडीतून तो जानेवारी १८६७ मध्ये योकोहामाला उतरला. वर्षभरात शोगुन आणि सम्राटाचा पक्ष यांच्यात युद्ध पेटलं, शोगुन हरला, फ्रेंचांना परत फिरण्याचा हुकूम आला. ब्रुनेने राजीनामा दिला आणि शोगुनच्या उरलेल्या माणसांबरोबर उत्तरेला हाकोदातेला गेला. इथपर्यंत सिनेमाला साजेसं आहे. पण जून १८६९ मध्ये हाकोदाते पडणार हे दिसू लागल्यावर ब्रुने आणि त्याचे साथीदार किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या फ्रेंच जहाजावर चढले आणि निघून गेले. ज्यांना त्यांनी शिकवलं होतं ते मागे राहिले. त्यांतला हिजिकाता तोशिझो तिथेच गोळी लागून मेला. ब्रुने पुढे फ्रान्समध्ये जनरल झाला. सिनेमातलं बंड त्यानंतरचं, १८७७ चं, सैगो ताकामोरीचं. त्यात कुणी परका शिपाई नव्हता. आणि सैगोच्या माणसांना बंदुकांचं वावडंही नव्हतं. त्यांच्याकडे रायफली होत्या, तोफा होत्या. दारूगोळा संपला म्हणून २४ सप्टेंबर १८७७ ला शिरोयामाच्या टेकडीवर तलवारी उरल्या. तलवारी पहिल्यापासून आवडत्या होत्या म्हणून नव्हे.

आता श्रीरंगपट्टण. बेंगळुरू रस्त्याने गेलात तर कावेरीच्या दोन फाट्यांमध्ये हे बेट लागतं. पर्यटकांच्या बसेस आधी दर्या दौलतला थांबतात. टिपूचा उन्हाळी महाल. सागवानी खांब आणि आत-बाहेर भिंतभर रंगकाम. त्यातली पश्चिमेकडची भिंत म्हणजे पोल्लिलूरची लढाई, १० सप्टेंबर १७८०. कांचीपुरमजवळ कर्नल बेलीची इंग्रज फौज हैदर आणि टिपूने घेरली. चित्राच्या मधोमध इंग्रजांचा चौकोन आहे, चौकोनात पालखीत बसलेला जखमी बेली आहे, आणि दारूगोळ्याचा गाडा उडतोय त्याचा लोळ आहे. त्या गाड्याच्या स्फोटानेच लढाईचा निकाल लागला, हे चितारी विसरलेला नाही. लढाईचा नकाशा म्हणून पाहिलं तर हे चित्र आमच्या सँड मॉडेलपेक्षा वाईट नाही. आणि एका बाजूला, घोड्यावर, दुर्बीण डोळ्याला लावलेला एक गोरा आहे. तो लाली. म्हैसूरच्या नोकरीतल्या फ्रेंचांचा म्होरक्या.

हा लाली आधी अदोनीला निजामाचा भाऊ बसालतजंग याच्याकडे होता, मग हैदरकडे आला. त्याच्यासारख्या फ्रेंचांची छावणी श्रीरंगपट्टणच्या उत्तरेला हिरोडेजवळच्या खडकांपाशी असे. इंग्रजांच्या नकाशांवर त्या गावाचं नावच ‘फ्रेंच रॉक्स’ पडलं आणि ते स्वातंत्र्यापर्यंत टिकलं. आज तेच गाव पांडवपुरा. तिथे साखर कारखाना आहे, उसाच्या बैलगाड्या आहेत. फ्रेंचांचं म्हणाल तर खडक तेवढे आहेत.

टिपूचं नाव काढलं की आज लोक आधी तुमची बाजू विचारतात. मला इथे त्या वादात शिरायचं नाही. मला पाहायचंय ते एवढंच, की त्याच्या फौजेत जी परकी माणसं होती, ती कशाने आली आणि कशाने टिकली किंवा गेली.

पगारावर आलेले कसे गेले, ते मंगळूरला दिसलं. १७८३ च्या उन्हाळ्यात टिपू मंगळूरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. बरोबर फ्रान्सच्या राजाची एक तुकडी होती, कॉसिन्यी नावाच्या अधिकाऱ्याखाली. वेढा रंगात आला असताना जुलैमध्ये बातमी आली की युरोपात इंग्रज-फ्रेंच तह झाला. कॉसिन्यीने हत्यार खाली ठेवलं. आमच्या राजाचं भांडण मिटलं, आता तुमचं तुम्ही पाहा. टिपू किती भडकला असेल ते कुठल्याही वेढ्याची आखणी केलेल्या माणसाला कळेल. तोफा खंदकापर्यंत नेऊन बसवलेल्या आणि शेजारचा पार्टनर सामान बांधतोय! पण फौजी नजरेने पाहिलं तर कॉसिन्यीने गद्दारी केली असं मला म्हणता येत नाही. त्याचा मालक टिपू नव्हता. हुकूम पॅरिसहून यायचा आणि आला.

आता ते तीन कैदी.

पहिला डेव्हिड बेअर्ड. स्कॉटिश कॅप्टन, धिप्पाड, तापट. पोल्लिलूरच्या लढाईत जखमी होऊन सापडला आणि साडेतीन वर्षं श्रीरंगपट्टणात बेड्यांत राहिला. कैद्यांना जोडीजोडीने साखळीत बांधलंय हे ऐकून त्याची आई म्हणाली म्हणे की आमच्या डेव्हीबरोबर जो बांधला गेला असेल त्या बिचाऱ्याची कीव येते. १७८४ च्या तहाने तो सुटला. पंधरा वर्षांनी, ४ मे १७९९ ला, याच किल्ल्याच्या तटाला पडलेल्या खिंडारावर चालून जाणाऱ्या फौजेचं नेतृत्व त्याने मागून घेतलं. दुपारी एकच्या सुमारास तलवार उपसून तो खंदकातून बाहेर आला, कावेरीचं उथळ पात्र ओलांडून माणसं तटावर चढली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. रात्री मशालीच्या उजेडात प्रेतांच्या ढिगातून टिपू शोधला गेला, तेव्हा बेअर्ड तिथे होता. म्हणजे सिनेमाच्या अगदी उलट. शत्रूच्या गावात साडेतीन वर्षं राहून हा माणूस त्यांचा झाला नाही. त्या गावाचा रस्ता मात्र विसरला नाही.

दुसरा सय्यद गफार. याचं चित्र भिंतीवर नाही, बहुतेक गाईड त्याचं नाव घेत नाहीत, आणि माझ्या मते या गोष्टीतला तोच खरा नायक आहे. फेब्रुवारी १७८२ मध्ये तंजावर मुलखात कर्नल ब्रेथवेटच्या इंग्रज तुकडीला टिपू आणि लालीने गाठलं. तुकडीत गोरे थोडे, देशी शिपाईच जास्त. तुकडी मोडली आणि सापडलेल्यांत सय्यद गफार होता, कंपनी सरकारच्या नोकरीतला. तो म्हैसूरला आला तो कैदी म्हणून. पण १७९९ साली पाहावं तर हाच माणूस टिपूच्या उत्तम सेनापतींपैकी एक आहे, आणि ज्या बाजूला इंग्रज तोफांनी खिंडार पाडलं त्या वायव्येकडच्या तटाची जबाबदारी त्याच्याकडे आहे. ४ मेच्या सकाळी समोरच्या खंदकांत माणसं दाटताना पाहून त्याने ओळखलं की हल्ला रात्री नव्हे, भर दुपारी येणार. त्याने टिपूला निरोप पाठवला. दरबारातल्या इतरांना ते पटलं नाही. त्याच सुमाराला खिंडारावरची माणसं पगार वाटायला म्हणून मागे बोलावली गेली, असंही सांगतात. मीर सादिकच्या फितुरीची ही गोष्ट इथे प्रत्येक टांगेवाल्याला पाठ आहे. गफार तटावरच राहिला आणि हल्ला सुटण्याच्या थोडं आधी तोफेच्या गोळ्याने मेला. टिपू तेव्हा दुपारचं जेवण घेत होता. बातमी ऐकून तो हात धुऊन उठला आणि तटाकडे निघाला, तो परत आला नाही.

इंग्रजांच्याच इतिहासकारांनी गफारच्या या निष्ठेची नोंद केलीय, आणि ती करताना त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालेलं दिसतं. कारण त्यांच्या दृष्टीने तो आपल्या बाजूचा होता. कंपनीच्या नोकरीत देशी माणूस किती वर चढू शकत होता? सुभेदार, फार झालं तर कमांडंट हा नावाचा हुद्दा, आणि सल्यूट मारायचा कालच जहाजातून उतरलेल्या एन्साइनला. टिपूकडे त्याला फौज मिळाली, तट मिळाला, राजाला थेट निरोप पाठवायचा अधिकार मिळाला, मग तो निरोप ऐकला गेला नाही तरी. मला वाटतं बर्फ आणि तलवारीच्या तालमीपेक्षा हे उत्तर जास्त खरं आहे. ज्याच्या हाती खरीखुरी कमांड देतात, तो थांबतो.

नुसत्या सक्तीने हे होत नाही, याचा पुरावाही श्रीरंगपट्टणातच आहे. सापडलेल्या कोवळ्या इंग्रज पोरांना धर्म बदलायला लावून टिपूने चेल्यांच्या पलटणींत घातलं होतं. त्यांच्यातून कुणी सय्यद गफार निघाला नाही.

दक्षिणेत याचं आणखी एक उदाहरण आहे. १७४१ साली कोलाचेलच्या किनाऱ्यावर त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने डचांचा पराभव केला, तेव्हा युस्टाशियस द लान्वा नावाचा एक अधिकारी हाती लागला. राजाने त्याला आपल्या फौजेला कवायत शिकवायला लावलं, मग फौजच हाती दिली. तो सदतीसाव्या वर्षीही तिथेच होता आणि १७७७ साली तिथेच वारला. उदयगिरीच्या किल्ल्यात त्याची कबर आहे. त्यावर लॅटिन आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत लेख आहे. कन्याकुमारीला जाणार असाल तर वाट फार वाकडी होत नाही.

तिसरा कैदी आपला. धोंडिया वाघ. जन्म चन्नगिरीचा, घराणं मराठ्यांचं, हैदरच्या घोडदळात चाकरीला. १७९०-९२ च्या युद्धाच्या गडबडीत तो निसटला आणि धारवाडच्या बाजूला स्वतःची टोळी करून लूटमार करू लागला. १७९४ साली टिपूने त्याला पुन्हा बोलावून घेतलं. तो आला, त्याचं धर्मांतर करवलं गेलं, आणि पुढे भरवसा वाटेना म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. म्हणजे स्वतःच्याच धन्याचा कैदी. ४ मेला शहर पडलं, त्या गोंधळात कोठड्या उघडल्या गेल्या आणि धोंडिया पळाला.

पुढचं सोळा महिन्यांचं प्रकरण मला फार विलक्षण वाटतं. टिपूची फौज मोडली होती. हजारो शिपाई आणि स्वार एका दिवसात बेकार. आता बघा, जपानमधल्या १८७७ च्या बंडाच्या मुळाशीही तेच आहे. १८७३ साली सक्तीची सैन्यभरती आली, मग सामुराईंचे तनखे बंद झाले, १८७६ साली कमरेला तलवार लावायला बंदी झाली. सिनेमा त्याला संस्कृतीचा प्रश्न म्हणतो. अर्धा तरी प्रश्न रोजगाराचा होता. म्हैसूरचे हे बेकार शिपाई धोंडियाकडे गेले. बेदनूरच्या बाजूला त्याने फौज जमवली, इंग्रजांनी हाकलला तेव्हा तुंगभद्रा ओलांडून मराठी मुलखात शिरला, आणि स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवू लागला. पदवी ऐकून हसू येतं. पण जून १८०० च्या अखेरीस त्याने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखल्यांना गाठून ठार केलं, तेव्हा पुण्यात कुणी हसलं नसावं. धोंडोपंतांचा पुतण्या म्हणजे बापू गोखले, पुढे १८१८ साली अष्टीला पडले ते.

धोंडियाच्या मागे लागला श्रीरंगपट्टणचा नवा इंग्रज अंमलदार, कर्नल आर्थर वेलस्ली. किल्ला जिंकला बेअर्डने आणि दुसऱ्या दिवशी कारभार मिळाला गव्हर्नर जनरलच्या धाकट्या भावाला. बेअर्डचा त्यावरून झालेला संताप त्याने आयुष्यभर लपवला नाही आणि मला त्याच्याबद्दल तेवढ्यापुरती सहानुभूती आहे. वेलस्ली राहायला आला तो दर्या दौलतमध्येच, त्याच पोल्लिलूरच्या भिंतीच्या आत. तिथून निघून त्याने तीन महिने धोंडियाचा पाठलाग केला. अखेर १० सप्टेंबर १८०० ला, पोल्लिलूरला बरोबर वीस वर्षं होत होती त्या तारखेला, रायचूरकडच्या कोनगलजवळ घोडदळाच्या चार रेजिमेंटी एका ओळीत लावून त्याने हल्ला केला. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या या माणसाने घोडदळाचा हल्ला स्वतः पुढे होऊन केला तो हा एवढाच. धोंडिया मारला गेला. त्याचं प्रेत तोफेच्या गाड्याला बांधून छावणीत आणलं. सामानात चारेक वर्षांचा एक मुलगा सापडला, सलाबतखान, धोंडियाने मानलेला. वेलस्लीने त्याला ठेवून घेतलं आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला काढून ठेवले. माणसाचे हिशोब असे कुठेही नीट जुळत नाहीत.

धोंडियावर सिनेमा काढायचा तर अवघड आहे. तो कुणाचा म्हणायचा? मराठ्यांचा सरदार त्याने मारला, टिपूने त्याला कोंडलं, इंग्रजांच्या लेखी तो लुटारू. पण हरणार हे उघड असताना एवढी माणसं त्याच्याबरोबर शेवटपर्यंत घोड्यावर होती, एवढं खरं.

मराठी वाचकाने इथून पुढे जरा सावरून बसावं. कारण धोंडियाच्या पाठलागातच वेलस्ली आमचा मुलूख शिकला. नद्यांना पाणी कधी चढतं, दाणागोटा कसा न्यायचा, म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांवर तोफा किती वेगाने ओढता येतात. तीन वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, हे शिक्षण घेऊन तो आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या फौजेसमोर उभा राहिला.

आणि शिंद्यांच्या फौजेत परक्या शिपायांचा प्रयोग आपण टिपूपेक्षा कितीतरी मोठा केला होता. महादजींनी १७८४ साली द ब्वान्याला ठेवलं, ज्याला आपण डिबॉइन म्हणतो. सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा. फ्रेंच फौजेत, रशियन फौजेत, मद्रासला इंग्रजांकडे अशा नोकऱ्या करून आलेला. त्याने उभ्या केलेल्या कवायती पलटणींनी १७९० साली पाटण आणि मेडता मारलं, १७९३ साली लाखेरी. माणूस अव्वल दर्जाचा, यात शंका नाही. पण इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलणार नाही ही अट त्याने आधीच घालून घेतली होती, आणि जाताना दौलतरावांना त्याने सल्ला दिला म्हणतात की कंपनीशी लढण्याची वेळ आली तर त्याआधी पलटणी मोडून टाका. करारातलं एवढं एक कलम कुणी नीट वाचलं असतं तर! त्याच्या जागी पेराँ आला. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडे रेमाँच्या फ्रेंच पलटणी आणि आपल्याकडे पेराँच्या, असा देखावा होता. तो रेमाँ हिंदुस्थानात पहिल्यांदा शिकला तो म्हैसूरला, लालीच्या हाताखाली. नगर जिल्ह्यातल्या माळावर मराठे आणि निजाम लढले आणि दोन्हीकडच्या कवायतीचे हुकूम फ्रेंच.

१८०३ चा ऑगस्ट-सप्टेंबर वाचताना मला दर वेळी पोटात खड्डा पडतो. इंग्रजांनी जाहीरनामा काढला की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्यांना कंपनी पगार देईल. अलिगडचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला, दरवाजाची वाट दाखवायला शिंद्यांकडूनच फुटलेला ल्यूकन नावाचा अधिकारी होता. त्यानंतर दोन-चार दिवसांत पेराँने राजीनामा दिला आणि पैसाअडका घेऊन इंग्रजांच्या संरक्षणात लखनौकडे निघाला. दिल्लीसमोर ११ सप्टेंबरला बुर्क्वँ हरला आणि तीन दिवसांत स्वाधीन झाला. आग्र्याच्या शिबंदीने आपल्या युरोपीय अधिकाऱ्यांना आधी स्वतःच कोंडून ठेवलं आणि मग लढाई चालवली. होळकरांकडेही तेच. इंग्रजांविरुद्ध लढायला नकार देणाऱ्या विकर्स आणि त्याच्या दोन साथीदारांची यशवंतरावांनी १८०४ साली डोकी उडवली.

एक स्किनर वेगळा. बाप स्कॉटिश, आई राजपूत. पेराँनेच त्याला इंग्रज रक्ताचा म्हणून काढून टाकलं. तो लेककडे गेला तेव्हा त्याने जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध, लढायला लावू नका अशी अट घातली. त्याच्या नावाचं घोडदळ आज आपल्या फौजेत रणगाड्यांवर आहे.

असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांवरून हलले नाहीत. इंग्रजांची रांग त्यांच्या अंगावरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले उठले आणि तोफा वळवून त्यांनी पाठीवर मारा केला. वेलस्लीची पंधराशेहून जास्त माणसं पडली. आणि १ नोव्हेंबरला अलवारकडच्या लासवारीला तर वरचे युरोपीय अधिकारी निघून गेलेल्या पलटणी होत्या, बहात्तर तोफा होत्या. लेकला अंदाज होता की हे लोक आता पळतील. ते पळाले नाहीत. इंग्रजांचे आठशेच्या वर मेले किंवा जखमी झाले. दुसऱ्या दिवशी लेकने गव्हर्नर जनरलला लिहिलं, त्यातला भाव असा की एवढी बिकट लढाई मी पाहिली नव्हती, गोलंदाज तोफेजवळच कापावे लागले, आणि यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती.

या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी अडतो. फ्रेंचच का? लढाई फ्रेंचांवाचून अडली नव्हती, वरच्या अधिकाऱ्यांवाचून अडली होती. वीस वर्षं हे कंपू उभे होते. त्या वीस वर्षांत पायदळाचा शिपाई तयार झाला, गोलंदाज तयार झाला, आग्र्याला तोफा ओतणारा कारागीर तयार झाला. पण ब्रिगेड चालवणारा मराठी, रजपूत किंवा मुसलमान अधिकारी तयार करावा, असं शिंद्यांनाही वाटलं नाही आणि डिबॉइनला तर वाटण्याचं कारणच नव्हतं. तयार करता येत नव्हता असंही नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारदी होताच. बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेला देशी माणूस, भाऊसाहेबांनी पूर्ण भरवशाने दहा हजारांच्या आसपास पायदळ हाती दिलेला. १७६१ च्या त्या जानेवारीत त्याने पलटणी हलू दिल्या नाहीत, पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत हालहाल होऊन मेला. नंतर पुण्यात नारायणरावांवर गारद्यांनी तलवार चालवली आणि ‘गारदी’ ही शिवी झाली. इब्राहिमखानावर त्या एका शब्दाने केवढा अन्याय केलाय!

इंग्रजांनी पुढे हेच गणित उलटं वापरलं. शिपाई देशी, अधिकारी गोरा. देहरादूनची अकादमी उघडली १९३२ साली. लासवारीनंतर एकशे एकोणतीस वर्षांनी. खडकवासल्याला पहिल्या टर्मला पहाटे चारला आम्हाला मैदानावर लोळवणारे उस्ताद म्हणायचे की साहेब, उद्या तुम्ही हुकूम द्याल म्हणून आज ऐकायला शिका. तेव्हा झोपेत ते फक्त कानावर पडायचं.

डिबॉइन १८३० साली शांबेरीला श्रीमंतीत वारला. गावाच्या चौकात त्याच्या स्मारकाचं कारंजं आहे, चार हत्तींचं. ज्यांच्या जोरावर ते हत्ती तिथे उभे राहिले त्या गोलंदाजांची शेवटची मोठी लढाई झाली ती २१ डिसेंबर १८१७ ला, उज्जैनच्या वर, क्षिप्रेच्या काठी महिदपूरला. फौज होळकरांची. आदल्याच दिवशी छावणीत तुळसाबाईंचा खून झालेला, गादीवर पोर वयाचे मल्हारराव, घोडदळाने लवकर पाठ फिरवली. तोफखाना रोशन बेगकडे होता. नदी उतरून येणाऱ्या इंग्रजांवर त्या तोफा इतक्या नेमक्या चालल्या की सुमारे पावणेआठशे माणसं पडली आणि इंग्रजांच्या घोडतोफखान्याच्या हलक्या तोफा आधी बंद पाडल्या गेल्या. इंग्रज पायदळ तोफांपर्यंत पोचलं, तेव्हाही गोलंदाज भरत होते. त्यांना तिथेच संगिनींनी मारलं.